फोटोला टाचलेली चिठ्ठी

आमच्या काकांना कुणाचाही फोटो पालथा ठेवलेला खपत नसे. गिऱ्हाईक गडबडीत पाकीट उपडं करून टेबलावर फोटो ओतायचं. काका आधी ते सगळे फोटो एकेक करून सुलटे करायचे, शर्टाच्या बाहीनं धूळ पुसायचे आणि मगच "हं, बोला" म्हणायचे. फोटोतल्या माणसाच्या तोंडावर कुणी चहाचा कप ठेवला किंवा फुटपट्टी ठेवली, की ते ताडकन उठायचे. "तुमच्या तोंडावर ठिवू का कप?" असं त्यांनी एकदा एका माजी सरपंचांना विचारलं होतं. सरपंच हसले, कप उचलला, पण पुन्हा कधी आमच्याकडे काही छापायला टाकलं नाही.

हे काका माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. परभणीत एका बोळात त्यांचा छापखाना होता आणि मी तिथं सात वर्षं डीटीपीचं काम केलं. मजकूर टाइप करायचा, फोटो स्कॅन करायचे, पुस्तिकेची पानं लावायची आणि छपाईला सोडायची. सेलूहून सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. आता सेलूतच माझं स्वतःचं दुकान आहे. बिघडलेला, फुटलेला, रेघा पडलेला फोटो असला की लोक दुसऱ्या गावाहूनही माझ्याकडे येतात. त्यांना वाटतं मी फार शिकलेली आहे. मी काय शिकले आणि कुणाकडून शिकले, ते सांगायला बसले आहे.

काकांच्या शर्टाच्या खिशात एक भिंग असायचं, काळ्या दोऱ्याला बांधलेलं, छापखान्यातली माणसं छपाईचा ठिपका बघायला वापरतात तसलं. ते डोळ्याला लावून लावून त्यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक गोल वण उमटला होता. दुसरा कुणी चष्मा काढल्यावर नाक चोळतो, काका भिंग काढल्यावर डोळा चोळायचे. त्या भिंगातून ते लग्नपत्रिका बघायचे, वर्तमानपत्र बघायचे, बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र बघायचे. एकदा मी आणलेल्या डब्यातल्या मेथीच्या भाजीवरसुद्धा त्यांनी भिंग धरलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

पण कंप्यूटरला त्यांनी कधी हात लावला नाही. शिशाचे खिळे हातानं जुळवून छापण्याच्या काळात हयात गेलेला माणूस. छापखान्यात पहिला कंप्यूटर आला तेव्हा त्यांनी म्हणे हौसेनं माऊस धरला, कुठंतरी दाबलं आणि एका शाळेच्या स्मरणिकेचं अख्खं काम पुसलं गेलं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. नंतर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी ते एक वाक्य ऐकवायचे, गिऱ्हाइकानं विचारलेलं असो वा नसो. "हे बगा, मी ह्या कंप्यूटरला हात लावत न्हाई. आधीच सांगून ठिवतो. हात हिचे, डोळे माझे." हिचे म्हणजे माझे. मी काम करत असले की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि पडद्यावर काही दाखवायचं झालं तर लाकडी फुटपट्टीनं दाखवायचे. गिऱ्हाइकं गालात हसायची. मलाही पहिले सहा महिने वाटायचं, ह्या माणसाला ह्यातलं काय कळतंय.

ते एका रेघेनं मला कळवलं. एका शाळेची पुस्तिका लावत होते. मधल्या पानावर मुलांचा मोठा फोटो, आणि दुसऱ्या ओळीतल्या मुलांच्या कपाळावरून एक बारीक पांढरी रेघ आरपार गेलेली. मी फोटो काढून पुन्हा टाकला, रेघ तशीच. दुसरा फोटो टाकला, रेघ तिथंच. कंप्यूटर बंद करून चालू केला. दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं.

काका मागं येऊन उभे राहिले. "काय करायलीस सकाळपासनं?"

"रेघ जात नाही काका."

"फोटो मोठा कर. अजून मोठा. आता बारीक कर." मी केलं. "फोटो मोठा झाला तवा रेघ जाड झाली का?"

मी पुन्हा करून पाहिलं. फोटो चौपट झाला तरी रेघ होती तेवढीच, केसाएवढी.

"मग ती फोटोत न्हाई. फोटोत असती तर फोटोसंगं वाढली असती. तुझ्या कंप्यूटरनं फोटोचे तुकडे करून शेजारी शेजारी ठिवलेत, त्याची ती शिवण दिसायलीय. कागदावर येती का बग."

मी पान छापून काढलं. काका तो कागद घेऊन अंगणात गेले, उन्हात धरला, भिंग लावलं, आणि मला बोलावून भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मुलांची कपाळं स्वच्छ होती. ज्या माणसानं आयुष्यात एकदाच माऊस धरला त्याला हे कसं ठाऊक, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुज्याआधी चार पोरं बसली ह्या खुर्चीत. चौघंबी रडली. मी मागं उभा व्हतो." फोटोवर सावली किंवा पारदर्शक काही टाकलं की पानाची फाईल सपाट होताना असे तुकडे पडतात, हे मला पुढं वाचून कळलं. काकांनी ते चार जणांच्या खांद्यावरून बघून हेरलं होतं.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचा त्यांना भारी तिटकारा. "रस गेला अन् चिपाड आलं," म्हणायचे आणि माणसाला सरळ परत पाठवायचे, ज्या फोनमध्ये फोटो काढला तो फोनच घेऊन या म्हणून. एक गृहस्थ त्यासाठी सेलूहून दोनदा आले आणि दोन्ही वेळा काकांना चार शब्द सुनावून गेले. काकांनी त्यांना दोन्ही वेळा चहा पाजला. एकदा एका देवाच्या पुस्तिकेत देवाच्या प्रभावळीभोवती फिकट चौकोन उमटला, पडद्यावर न दिसणारा. "देवाला खिडकीत कामून बसवलंस?" म्हणून त्यांनी मला आठवडाभर चिडवलं. मागचा रंग एका पद्धतीचा आणि फोटो दुसऱ्या पद्धतीचा, म्हणून तो चौकोन आला होता. दोन्ही छपाईच्या रंगांत आणले, खिडकी गेली. आजही तसला चौकोन दिसला की मला आधी हसू येतं.

दोन खोडी मात्र अशा होत्या की त्यांच्यापुढे मी हात टेकले होते. पहिली, वाया गेलेले ताव. कुठल्याही छापखान्यात खराब ताव मशीनची शाई पुसायला वापरतात. आमच्याकडे काका आधी त्यातले चेहरे कात्रीनं कापून काढायचे आणि एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. नवरदेव, पुढारी, दहावीला पहिली आलेली मुलगी, वारलेले आजोबा, सगळे एका पेटीत. मग उरलेला कागद मशीनवाल्याला मिळायचा. तो बिचारा शाईच्या हातानं ताटकळत उभा.

दुसरी, चिठ्ठी. गिऱ्हाइकानं माणसाचा फोटो दिला की काका त्याला बसवून घ्यायचे. हे कोण? तुमचे कोण? रंगानं कसे होते? चष्मा रोजचा का फोटोपुरता? गालावरचा हा तीळ आहे का कागदाचा डाग? गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं. काका पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर सगळं लिहायचे आणि ती टाचणीनं पाकिटाला टाचायचे. मी त्या चिठ्ठ्या सुरुवातीला वाचायचे. मग कामं वाढली आणि मी त्या नुसत्या खणात टाकू लागले. फोटो समोर दिसतोय, त्याचं वर्णन कशाला वाचायचं?

तर ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती अशी.

पोखर्णीच्या वाटेवरच्या एका गावातून एक ताई आल्या. त्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि मागं राहिलेल्या लेकरांसाठी ह्या ताई वसतिगृह चालवायच्या. ते मुळात त्यांच्या आईनं सुरू केलं होतं. आई स्वतः वर्षानुवर्षं उसाच्या फडात राबलेली. कंबर गेल्यावर गावात राहिली आणि टोळीतल्या बायका आपापली पोरं तिच्या दारात सोडून जाऊ लागल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी पाटी लावली नाही. वीस-वीस पोरं तिच्या भाकरीवर वाढली. ती वारली तेव्हा ताईंनी ते काम पुढं नेलं, आणि आता त्या मोठ्या झालेल्या पोरांच्या आठवणींची एक सोळा पानी पुस्तिका त्यांना काढायची होती. पहिल्याच पानावर आईचा फोटो पाहिजे होता.

फोटो असा नव्हताच. एका महिला मेळाव्याची जुनी छापील पुस्तिका होती, तिच्यात बायकांच्या ओळीत तिसरी त्यांची माय, टपालाच्या तिकिटाएवढी. तिची म्हणून जगात तेवढीच एक छबी शिल्लक होती.

"पानभर करा," ताई म्हणाल्या.

काकांनी भिंग लावलं. "पानभर न्हाई होत बाई. खोटं कामून सांगू? पोस्टकार्डाएवढं होतंय. अन् आधी सांगून ठिवतो, मी ह्या कंप्यूटरला हात लावत न्हाई. हात हिचे, डोळे माझे."

ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कसंबी करा, पण टोळ्या निघायच्या आत करा. गाड्या लागल्या की मानसं पाच म्हैने हाती लागत न्हाईत. त्येंच्या गाठोड्यात ही पुस्तिका गेली पायजे. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या खोपट्यात, माय त्येंच्या डोळ्यापुढं पायजे."

मग काका चिठ्ठी लिहायला बसले. त्यांचं "हे कोण, कशा होत्या" सुरू झालं आणि मी फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. ताई बराच वेळ सांगत होत्या, एवढं मला दिसलं. पुस्तिका माझ्याकडे आली तेव्हा चिठ्ठी तिला टाचलेली होती. स्कॅनरच्या काचेवर टाचणीचा ओरखडा उठेल म्हणून मी ती काढली आणि न वाचता खणात टाकली.

छापील फोटो स्कॅन करणं म्हणजे डोक्याला ताप. छापलेला फोटो मुळात बारीक ठिपक्यांचा असतो. स्कॅनर त्याच्यावर आपलं मोजमाप चढवतो, आणि सगळ्या चेहऱ्यावर खिडकीला लावतात तसली जाळी दिसायला लागते. मी पुस्तिका तिरकी ठेवून स्कॅन केली, जाळी अलगद धूसर केली, मग हलक्या हातानं धार आणली. दीड दिवस लागला, पण जाळीमागून एक चेहरा हळूहळू बाहेर आला. रुंद कपाळ, डोळे बारीक केलेले, पदर कानामागं. हनुवटीवर तेवढे दोन-तीन काळे ठिपके राहिले होते, जाळीचा उरलासुरला कचरा. मी तेही पुसून टाकले. हनुवटी अशी गुळगुळीत झाली की मी स्वतःवरच खूश झाले.

काका त्या दोन दिवसांत चारठाण्याला मुलीकडे गेले होते. त्यांचा दंडक होता, की पहिलं पान कागदावर काढायचं, गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि अंगणात उन्हात दाखवायचं. त्यापायी दोन दिवस जातील, असं मी मनाशी म्हटलं. ताईंना पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांनी ते वसतिगृहाच्या गडबडीत बोटाएवढ्या पडद्यावर बघितलं आणि "छान" असं लिहिलं. मी पुस्तिका मशीनवर दिली. पाचशे प्रती छापून, दुमडून, पिना मारून तयार झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका परत आले आणि साडेअकराला ताई जीप घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात कार्यक्रम होता, त्याच्या पुढच्या पहाटे गाड्या निघणार होत्या. ताईंनी गठ्ठ्यातली वरची प्रत उचलली, पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत होते.

"ही माय न्हाई," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. नुसतं तेवढं म्हणाल्या आणि पुस्तिका टेबलावर सुलटी ठेवली. मग हनुवटीवर बोट ठेवून विचारलं, "मायचं गोंदण कुठं गेलं?"

ते ठिपके जाळीचे नव्हते. सुईनं टोचून, काजळ भरून, तिच्या लहानपणी कुणीतरी काढलेले होते, आणि मी ते माऊसनं पुसले होते. एवढा एकच फोटो असलेल्या बाईच्या तोंडावरची खूण मी पाचशे वेळा पुसली होती.

काकांनी भिंग लावून आधी नवं पान पाहिलं, मग जुनी पुस्तिका पाहिली. भिंग खाली ठेवलं, डोळा चोळला.

"माझ्या हातानं झालं बाई," ते म्हणाले. "डाग समजून मी पुसलं. बुढ्ढा झालोय आता. तुमी फिकीर करू नका, उद्या दुपारपर्यंत पुस्तिका तुमच्या गाडीत टाकतो. जिम्मेदारी माझी."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा, चहा सांगून ये."

मी चहा सांगायला गेले नाही. आत गेले आणि खण उघडला. चिठ्ठी तिथंच होती, टाचणीसकट. काकांचं मोठं, ठळक पेन्सिलीचं अक्षर. "ताईंची माय. कपाळ रुंद. हनुवटीवर गोंदण, वर तीन ठिपके, खाली एक. पुसू नये." शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या.

ताई नळावर तोंड धुवायला गेल्या तेव्हा मी ती चिठ्ठी काकांपुढे धरली. त्यांनी चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात घातली, भिंगाच्या मागं. "मशीनवाल्याला म्हणावं, कुठं जाऊ नको. अन् तोंड पूस, कामाला बस."

कामाला बसलो. मी खुर्चीत, ताई शेजारी, काका मागं हात बांधून. मी मूळ स्कॅन पुन्हा उघडला आणि माझी खरी पंचाईत झाली. हनुवटीवर शेकडो ठिपके होते, सगळे छपाईचे. त्यातले मायचे कुठले? काका जुनी पुस्तिका घेऊन भिंगाखाली बघू लागले.

"घाई करू नको. नीट बग. ओळीत उभं हाय ते मशीनचं. ओळ सोडून उभं हाय ते मायचं."

भिंग माझ्या डोळ्याला लावून त्यांनी दाखवलं. छपाईचे ठिपके खरंच शिस्तीत होते, शाळेतल्या प्रार्थनेसारखे रांगेत. आणि त्या रांगांमध्ये एक ठिपका बेशिस्त. मग दुसरा. मग तिसरा. मी पडद्यावर ते तिन्ही जागच्या जागी राखले आणि बाकीची जाळी त्यांना चुकवून धूसर केली. वेळ लागत होता, पण हनुवटीवर तीन ठिपके परत आले.

चौथा सापडेना. ताईंनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हितं, खाली. मी ल्हान असताना झोपताना त्याच्यावरच बोट ठिवायची. त्येच्याशिवाय झोप यायची न्हाई."

मी म्हटलं, "काका, जागा कळलीच आहे. मी काढू का एक ठिपका? कुणाला कळणार नाही."

"हिला कळंल," काका ताईंकडे बघून म्हणाले. "असलेलं पुसायचं न्हाई अन् दिसत नसलेलं काढायचं न्हाई. चला भाईर."

आम्ही तिघं अंगणात गेलो. काकांनी जुनी पुस्तिका उन्हात धरली, जरा तिरकी केली, अजून जरा तिरकी. पाठ वाकवून, भिंग लावून, श्वास धरून. हातावरची शीर फुगलेली दिसत होती. मग त्यांनी भिंग ताईंच्या हातात दिलं. "पदराच्या सावलीत बगा. दोन ठिपके चिकटून एक झाल्यावानी दिसायलाय, ते."

ताईंनी भिंगातून बघितलं. बघतच राहिल्या.

चार वाजता मी पहिलं पान कागदावर काढलं आणि ते ताईंना उन्हात दाखवलं. ह्या वेळी दंडक पाळला. ताईंनी कागद दोन्ही हातांनी धरला.

"आली," त्या म्हणाल्या.

पहिलं पान सगळ्यात बाहेरच्या तावावर होतं. तेवढा ताव नवा छापला. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याच्या अंगणात सतरंजी टाकून काकू, मशीनवाला, ताई आणि मी पाचशे पुस्तिकांच्या पिना उचकटत बसलो. बाहेरचा ताव काढायचा, नवा घालायचा, पुन्हा पिन मारायची. काका मधोमध खुर्ची टाकून बसले होते आणि एकूण एक प्रत भिंगाखालून घालत होते. काकूंच्या बोटाला पिन लागली तर ते आधी म्हणाले, "रक्त कागदावर सांडू नको." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मशीनवाल्यानं मान फिरवून हसून घेतलं. दोनच्या सुमारास जीप भरून गेली. गाड्या निघायच्या आत पुस्तिका घरोघर पोचल्या.

बाद झालेले पाचशे ताव कोपऱ्यात पडले होते. काका कात्री घेऊन बसतील आणि चेहरे कापून पेटीत ठेवतील असं मला वाटलं. त्यांनी सगळा गठ्ठा उचलून मशीनवाल्याच्या पायाशी ठेवला.

"घे, शाई पूस."

"चेहरे कापायचे नाहीत काका?" मी विचारलं.

"कुणाचे?" ते म्हणाले. "हे कुणाचंबी तोंड न्हाई."

एवढंच. ह्या चुकीबद्दल त्यांनी मला ऐकवलेलं तेवढं एकच वाक्य, तेही ताई गेल्यावर. त्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं असतं तर ताईंच्या रागाला मी तोंड दिलं असतं, पण ती गोष्ट सेलूला घरी पोचली असती. घरी आधीच चाललं होतं, पोरीच्या जातीला रोजचं हे जाणं-येणं कशाला, काय मोठं काम करते. मी स्वतःच उद्यापासून येत नाही म्हणणार होते. एका माणसानं माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली म्हणून मी दुसऱ्या दिवशी पिना उचकटायला गेले, आणि त्या दिवशी गेले म्हणून आज माझं दुकान आहे. हे उपकार मी विसरणार नाही आणि ते फेडण्याजोगेही नाहीत.

पुढं काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यानं अंधुक दिसू लागलं. छापखाना विकला आणि काका-काकू चारठाण्याला मुलीकडे राहायला गेले. जाताना भिंग त्यांनी माझ्या हातात ठेवलं. दोरा नवा बांधून दिला होता.

मागच्या महिन्यात माझ्या दुकानात त्या ताई आल्या. केस पिकले आहेत. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक मावशी वारल्या होत्या, त्यांच्या फोटोची चौकट करायची होती. फोटो लग्नातला, घोळक्यातला, तिरका. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. इतकी वर्षं जे मनात रुतून बसलं होतं ते त्यांना बघून बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"ताई, एक सांगायचं होतं. तुमच्या मायचं गोंदण काकांनी नव्हतं पुसलं. मी पुसलं होतं."

ताईंनी चहाचा कप फोटोपासून लांब ठेवला.

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या.

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"अवो, ते तर पैल्याच दिवशी मला म्हणले, मी ह्याला हातच लावत न्हाई. अन् माझ्यादेखत त्येंनी चिठ्ठीवर लिव्हलं, पुसू नये. दोनदा रेघ मारली त्येच्याखाली. त्येच मानूस म्हणतंय माझ्या हातानं झालं, तर मी काय समजायचं?"

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"लय राग आला व्हता. बोलणारच व्हते. पर तुमी उभ्या व्हत्या भितीला टेकून, पांढऱ्याफट." ताईंनी चहाचा घोट घेतला. "माझी माय अशीच करायची. कुणाच्या पोरानं मडकं फोडलं तर म्हणायची, माझाच धक्का लागला. मग मी गप बसले."

त्या गेल्यावर मी चारठाण्याला फोन लावला. काकूंनी उचलला आणि काकांच्या कानाला लावून दिला. मी सगळं सांगितलं. ताईंना पहिल्यापासून माहीत होतं, काका. तुमचं खोटं त्याच दिवशी पकडलं गेलं होतं. तुम्ही मला वाचवलंत आणि त्यांनी तुम्हाला. इतक्या वर्षांत एकदाही तोंडावर म्हटलं नव्हतं ते तेव्हा म्हटलं, की काका, तुमच्यामुळे मी आहे.

पलीकडून खाट करकरली, काका उठून बसले असावेत.

"फोटो कुणाचा आणलाय तिनं?" काका म्हणाले.

"वसतिगृहातल्या मावशींचा."

"इचारलंस का सगळं? लिव्हलीस का चिठ्ठी?"

"लिहिली काका," मी म्हणाले. "टाचली पण."